मेसोपोटेमिया मोहीम-वाद (बेळगाव सीमाभाग)

पहिल्या महायुद्धात (१९१४–१८) ब्रिटिश हिंदी सैन्याने आजच्या इराकमध्ये चालवलेली मोहीम कशासाठी होती, आणि तिचा भार पैशांत व माणसांत कोणी उचलला, याविषयी बेळगाव, खानापूर, चिकोडी व निपाणी या मराठीभाषक पट्ट्यात झालेला वाद. आज कोल्हापूर जिल्ह्यात असलेला चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता. म्हणून या नोंदीत त्याचाही समावेश केला आहे. बोलीत या युद्धाला ‘जर्मनची लढाई’ म्हणत. मराठा पलटणींची गाठ मात्र मुख्यतः तुर्कांशी पडली.

पलटणी : मोहिमेवर प्रथम गेलेल्या सहाव्या (पुणे) डिव्हिजनमध्ये तीन मराठा पलटणी होत्या : १६ व्या ब्रिगेडमध्ये ११७ वी मराठा, १७ व्या ब्रिगेडमध्ये १०३ वी मराठा लाइट इन्फंट्री आणि १८ व्या ब्रिगेडमध्ये ११० वी मराठा लाइट इन्फंट्री. ‘बेळगाव सेंटरचे जवान कुटला (इराकमधील टायग्रिस नदीवरचे शहर) अडकले’ असे सर्रास लिहिले जाते, ते काळाशी जुळत नाही. मराठा पलटणींचे एकत्रित केंद्र बेळगावला आले ते १९२२ च्या पुनर्रचनेत. त्यापूर्वी प्रत्येक पलटणीचा डेपो व भरती वेगळी असे आणि शिपाई कोकण, सातारा, कोल्हापूर व बेळगाव या सगळ्या भागांतून येत. कुटच्या वेढ्यात या तिन्ही पलटणी होत्या. युद्धाच्या अखेरीस, ऑक्टोबर १९१८ मध्ये, उत्तर इराकमधील शर्कत येथे ११४ वी मराठा पलटण गाजली. शर्कतचे नाव बेळगावच्या केंद्रात अजून ऐकू येते, कुटचे फारसे नाही. पलटणींची स्मृती विजयांभोवती जमते, वाद मात्र पराभवाभोवती रंगला.

हेतूंविषयीची मते : १६ वी ब्रिगेड ऑक्टोबर १९१४ मध्ये मुंबईहून निघाली आणि ६ नोव्हेंबरला आखाताच्या टोकाशी फाव येथे उतरली. बसरा त्याच महिन्यात पडले. इथपर्यंत मतभेद नाही. ब्रिगेड का पाठवली याबद्दल तीन मते मांडली जातात. पहिले तेलाचे. ब्रिटिश सरकारने १९१४ मध्येच अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनीतील बहुसंख्य भाग विकत घेतले होते. मस्जिद-ए-सुलेमानच्या विहिरींपासून अबादानच्या शुद्धीकरण कारखान्यापर्यंतची नळवाहिनी तुर्की हद्दीला खेटून जात होती आणि ब्रिटिश आरमार कोळशावरून तेलावर येत होते. दुसरे मत असे, की मुहम्मरा व कुवेत येथील शेखांना आणि एकूण अरबांना आपल्या बाजूस ठेवणे, तसेच खलिफाच्या (तुर्कस्तानच्या सुलतानाच्या) जिहादच्या हाकेचा परिणाम हिंदुस्थानात उमटू न देणे, हे उद्दिष्ट होते. तिसरे मत निव्वळ विस्ताराचे : आखात हे हिंदुस्थान सरकारचे अंगण, तेव्हा बसरा ही त्याची ओसरी.

इंडिया ऑफिसचे (लंडनमधील भारतमंत्र्याच्या खात्याचे) लष्करी सचिव सर एडमंड बॅरो यांच्या सप्टेंबर १९१४ च्या टिपणात भर आहे तो अरबांना धीर देण्यावर. तेलाचे रक्षण त्याला जोडून येते. त्यामुळे सुरुवातीच्या उतरणीसाठी दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. सीमाभागात आज तेलाचा मुद्दाच सर्वांच्या तोंडी असतो, पण त्यात नंतरच्या आखाती युद्धांच्या छायेत १९१४ वाचण्याचा धोका आहे. बसऱ्यानंतरच्या वाटचालीला मात्र तिसरे मत चपखल बसते. बसरा राखायला कुर्ना (डिसेंबर १९१४), कुर्ना राखायला अमारा (जून १९१५), बगल सांभाळायला नासिरिया (जुलै), मग कुट (सप्टेंबर). प्रत्येक टप्पा मागच्या टप्प्याच्या संरक्षणासाठी म्हणून मंजूर झाला. ऑक्टोबर १९१५ मध्ये बगदादकडे कूच करण्याची परवानगी मिळाली तेव्हा तुर्कस्तानातील गॅलिपोली मोहिमेच्या अपयशावर उतारा म्हणून एक विजय हवा होता, हे कारणही त्यात मिसळले होते.

कुट : २२ नोव्हेंबर १९१५ ला सुरू झालेल्या बगदादजवळच्या टेसिफॉनच्या लढाईत जनरल टाउनशेंडच्या सहाव्या डिव्हिजनचे चार हजारांहून अधिक लोक मेले वा जखमी झाले. सैन्य कुटला परतले, ७ डिसेंबरला वेढा पडला आणि सुमारे पाच महिन्यांनी, २९ एप्रिल १९१६ रोजी, शरणागती झाली. सुमारे १३,००० लोक कैद झाले, त्यांत बिगरलढाऊ नोकरही होते. सोडवणुकीच्या प्रयत्नांत आणखी सुमारे २३,००० जण मेले वा जखमी झाले.

वेढ्यातील अन्नाची हकीकत थोडी तपशिलाने सांगणे जरूर आहे, कारण पुढच्या वादात ती वारंवार येते. गोऱ्या शिपायाला पांढऱ्या पिठाचा पाव आणि घोड्याचे मांस मिळे. हिंदी शिपायाला आटा मिळे, पण मांस तो घेत नसे. परिणाम उलटसुलट झाला. कोंडा काढलेल्या पिठामुळे गोऱ्यांत बेरीबेरी (जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग) पसरला. आट्यामुळे हिंदी शिपाई त्यातून वाचले, पण ताजी भाजी व मांस नसल्याने त्यांना स्कर्व्हीने गाठले : हिरड्या सुजून रक्त येते, जुन्या जखमा पुन्हा उघडतात, मार लागलेला भरून येत नाही. घोड्याचे मांस खायला धर्माची हरकत नाही, अशा आशयाच्या तारा हिंदुस्थानातील धर्माधिकाऱ्यांकडून मागवून ऐकवण्यात आल्या. तरी शिपायांची मुख्य अडचण शास्त्राची नव्हती, गावाची होती : परत गेल्यावर पंगतीला कोण बसवणार? एप्रिलमध्ये शिधा अगदीच घटला तेव्हा बहुतेकांनी ते मांस घेतले, पण तोवर अंगात ताकद उरली नव्हती. २४ एप्रिलला २७० टन रसद घेऊन निघालेली ‘जुलनार’ ही आगबोट तुर्कांच्या हाती पडली. सुटकेसाठी आधी दहा लाख, मग वीस लाख पौंड देऊ केले गेले, ते नाकारले गेले. पुढे कैदेत सुमारे २,६०० ब्रिटिश शिपायांपैकी १,७५० च्या आसपास दगावले. हिंदी मृतांची संख्या निरनिराळ्या याद्यांत अडीच ते तीन हजारांदरम्यान येते, कारण ‘बेपत्ता’ हा रकाना काही ठिकाणी मृतांत धरला आहे, काही ठिकाणी नाही.

वादाचा प्रारंभ : मुंबई इलाख्याची प्रांतिक परिषद एप्रिल १९१६ च्या अखेरीस बेळगावात भरली. लोकमान्य टिळकांची होमरूल लीग (स्वराज्याची मागणी करणारी संघटना) तेथेच २८ एप्रिलला स्थापन झाली. जोसेफ बॅप्टिस्टा अध्यक्ष आणि न. चिं. केळकर चिटणीस झाले. स्थानिक बाजू गंगाधरराव देशपांडे यांनी सांभाळली. दुसऱ्याच दिवशी कुट पडले. तारखांच्या या जवळिकीमुळे ‘कुटच्या बातमीने बेळगावात लीगचा जन्म झाला’ असे विधान भाषणांतून व काही स्मरणिकांतून आढळते. ते टिकत नाही. लीग काढण्याचा विचार १९१५ पासून चालू होता, परिषदेची तारीख आधीच ठरलेली होती आणि स्थापनेच्या दिवशी कुट अजून लढत होते. टिळकांचे बेळगावचे प्रसिद्ध भाषण १ मेचे आहे. तोवर बातमी तारेने पोहोचणे शक्य होते. भाषणाचा गाभा मात्र स्वराज्याची मागणी हाच आहे, युद्धाची चिकित्सा नव्हे. हे भाषण व अहमदनगरची दोन भाषणे मिळून त्यांच्यावर जामिनाचा खटला झाला. खालच्या कोर्टाने २० हजारांचा जातमुचलका व प्रत्येकी १० हजारांचे दोन जामीन मागितले, ते नोव्हेंबर १९१६ मध्ये मुंबई हायकोर्टाने रद्द केले.

उघड वादाला तोंड फुटले ते जून १९१७ मध्ये, असे मानणे अधिक सुरक्षित. त्याआधी १९१० चा प्रेस कायदा व १९१५ चा डिफेन्स ऑफ इंडिया कायदा यांच्या कात्रीत मोहिमेविषयी मोकळे लिहिणे अवघड होते. त्या महिन्यात लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन यांच्या अध्यक्षतेखालील मेसोपोटेमिया कमिशनचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि सरकारवरची टीका सरकारी कागदातूनच करता येऊ लागली. दोषाचा सर्वांत मोठा वाटा अहवालाने मेसोपोटेमियातील सैन्याचे सेनापती जनरल निक्सन यांच्यावर ठेवला, त्याखालोखाल व्हाइसरॉय हार्डिंज, सरसेनापती डफ आणि लंडनमधील अधिकारी. टेसिफॉनच्या जखमींना घेऊन बसऱ्याला पोहोचलेल्या ‘मेजिदिया’ बोटीविषयी मेजर कार्टर या डॉक्टरांची साक्ष त्यात आहे. दुरून बोटीच्या बाजूंना दोर लोंबत आहेत असे वाटले, जवळ आल्यावर ती सुकलेली विष्ठा निघाली. जखमींना कठड्यापर्यंतही सरकता येत नव्हते. भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी जुलैत राजीनामा दिला, त्यांच्या जागी माँटेग्यू आले आणि २० ऑगस्ट १९१७ ची जबाबदार राज्यपद्धतीची घोषणा झाली. होमरूलवाल्यांचा युक्तिवाद या साखळीवर उभा होता : जे सरकार जखमींना बोटी पुरवू शकत नाही, त्याने कार्यक्षमतेच्या नावावर स्वराज्य नाकारू नये.

खर्चाची विभागणी : १८५८ च्या कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे (१९१५ च्या कायद्यात कलम २२) सरहद्दीबाहेरील लष्करी कारवाईचा खर्च पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांच्या संमतीवाचून हिंदी महसुलावर टाकता येत नसे, परचक्र किंवा तातडीची गरज हाच अपवाद. १९१४ च्या ठरावांनी संमती दिली ती अशी : ‘साधारण’ खर्च हिंदुस्थानचा, ‘जादा’ खर्च ब्रिटनचा. शिपायाचा पगार महिना ११ रुपये. पलटण पुण्यात असो की कुटला, हे ११ रुपये हिंदी तिजोरीतून जात. मोहिमेचा भत्ता, बोटभाडे आणि खर्ची पडलेला दारूगोळा ब्रिटनच्या नावे पडे. कागदावर हे न्याय्य दिसते. मेख ‘साधारण’ या शब्दात आहे. शिपाई देशाच्या रक्षणासाठी इथे उभा नसतानाही त्याचा पगार देशाच्या रक्षणाखाली खर्ची पडतो. एवढे सैन्य चार वर्षे बाहेर राहूनही देश चालत असेल, तर ते आधीपासूनच साम्राज्याची राखीव फौज म्हणून हिंदी करदात्याच्या पैशांवर पोसले जात होते, असाही अर्थ निघतो. हा मुद्दा नवा नव्हता. गोखले व वाच्छा यांनी १८९७ मध्ये हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढील साक्षींत लष्करी खर्चाचा हिशेब याच दिशेने मांडला होता.

१९१७ मध्ये हिंदुस्थान सरकारने युद्धखर्चासाठी ब्रिटनला १० कोटी पौंडांची ‘देणगी’ जाहीर केली. तेव्हाच्या १५ रुपयांच्या दराने ते १५० कोटी रुपये होतात. पैसा वॉर लोनमधून (युद्धकर्जातून) उभा करायचा आणि व्याज महसुलातून फेडायचे. त्यासाठी परदेशी कापडावरील जकात साडेतीन टक्क्यांवरून साडेसात टक्क्यांवर नेली. चांदी टंचाईत आल्याने १९१७ अखेर एक रुपयाची नोट निघाली. चांदीच्या नाण्याची सवय असलेल्या बाजारांत अशा नोटा सुरुवातीला पूर्ण भावाने खपत नसत. १९१८ चा पाऊस चुकला आणि त्यावर इन्फ्लुएंझाची साथ आली. त्यामुळे महागाईतला युद्धाचा वाटा वेगळा काढणे कठीण जाते.

भरतीवरचे मतभेद : सीमाभागातला वाद युद्धाच्या बाजूचे विरुद्ध विरोधक असा सरळ नव्हता. टिळक भरतीला विरोध करत नव्हते. हक्कांच्या मोबदल्यात भरती अशी त्यांची अट होती. १० जून १९१८ च्या मुंबईतील युद्ध परिषदेत गव्हर्नर विलिंग्डन यांनी त्यांना मध्येच थांबवले, तेव्हा ते उठून निघून गेले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी भरतीला उघड पाठिंबा दिला. चिकोडी-निपाणीकडच्या सत्यशोधकांना होमरूल म्हणजे ब्राह्मणी राज्य वाटत होते. पूर्वी भरती बंद झालेल्या महारांना १९१७ मध्ये १११ व्या महार पलटणीच्या रूपाने पुन्हा दार उघडले, युद्धानंतर ती पलटण मोडली. घरच्या पातळीवर हेतू साधा असे : पगार, मोहिमेचा भत्ता, पेन्शनची आशा.

हानीची मोजदाद : भरतीच्या अनेक गावांत सरकारने पाट्या बसवल्या. त्यांवर गावातून किती जण गेले आणि किती मेले असे दोनच आकडे असतात, नावे नसतात. बसरा युद्धस्मारकावर ४० हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे, पण हिंदी शिपायांची नावे कोरलेली नाहीत. पलटणीच्या नावाखाली संख्या दिली आहे. १९९७ मध्ये ते बसऱ्याच्या बंदराजवळून नासिरियाच्या रस्त्यावर हलवले गेले. नावे राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या नोंदवह्यांत मिळतात : पलटण, क्रमांक, हुद्दा, मृत्यूची तारीख, बापाचे नाव, गाव, तालुका, जिल्हा.

बेळगावचा आकडा काढताना तीन ठिकाणी चूक होते. चंदगडची गावे ‘बेळगाव’ खाली असल्याने आजच्या जिल्ह्याचा आकडा फुगतो. उलट त्या काळी कोल्हापूर, सांगली व इतर संस्थानांत असलेली, आज बेळगावात आलेली गावे त्या त्या संस्थानाच्या नावाखाली राहतात आणि निसटतात. तिसरी चूक लेखनाची. रोमन लिपीत उतरवताना कारकुनाने येळ्ळूर व येळूर, हलशी व हळशी यांत फरक ठेवला नाही. म्हणून गावाच्या नावाने शोधण्याऐवजी आधी पलटणीचा क्रमांक व मृत्यूची तारीख धरावी, मग तालुका, आणि बापाचे नाव जुळले तरच नोंद पक्की धरावी. ११७ व्या पलटणीत एकाच नावाचे दोघे-तिघे असणे नवलाचे नाही.