ऑर्पिंग्टन पोटनिवडणूक, १९६२

ब्रिटिश संसदेच्या कॉमन्स सभागृहातील ऑर्पिंग्टनच्या जागेसाठी १४ मार्च १९६२ रोजी झालेली पोटनिवडणूक. हुजूर पक्षाचा बालेकिल्ला मानला जाणारा हा मतदारसंघ लिबरल पक्षाने ७,८५५ मतांच्या आघाडीने जिंकला. कॉमन्समध्ये हुजूर पक्षाचे बहुमत मोठे असल्याने हॅरल्ड मॅकमिलन यांच्या सरकारला या पराभवाने धोका पोहोचला नाही. तरीही, सरकार न पाडता सत्ताधारी पक्षाला हादरवण्याची पोटनिवडणुकीची ताकद किती असते, हे या निकालाइतके स्पष्टपणे क्वचितच दिसले आहे.

ऑर्पिंग्टन हे लंडनच्या आग्नेयेचे उपनगर त्या वेळी केंट परगण्यात होते. रोज रेल्वेने लंडनला कामावर जाणारे, कर्ज काढून घर घेतलेले नोकरदार मध्यमवर्गीय येथे मोठ्या संख्येने राहत. १९५९ च्या सार्वत्रिक निवडणुकीत हुजूर पक्षाचे डोनल्ड समनर येथून १४,७६० मतांच्या आघाडीने निवडून आले होते. मजूर पक्ष दुसऱ्या आणि लिबरल पक्ष तिसऱ्या क्रमांकावर होता. पुढे समनर यांची काउंटी कोर्टाच्या न्यायाधीशपदी नेमणूक झाल्याने जागा रिकामी झाली. ब्रिटनमध्ये पोटनिवडणुकीचा आदेश काढण्याचा प्रस्ताव प्रथेनुसार ती जागा ज्या पक्षाकडे होती त्याचा प्रतोद मांडतो, त्यामुळे मतदान केव्हा घ्यायचे हे बऱ्याच अंशी त्या पक्षाच्या हाती असते.

मतदारांच्या नाराजीचे मूळ आर्थिक धोरणात होते. अर्थमंत्री सेल्विन लॉइड यांनी जुलै १९६१ मध्ये वेतनवाढ रोखून धरली. तिचा फटका परिचारिका, शिक्षक आणि सरकारी कर्मचारी यांना, म्हणजे संपाचे हत्यार सहसा न उपसणाऱ्या वर्गाला, सर्वाधिक बसला. महिन्याचा हिशेब काटेकोरपणे जुळवणाऱ्या या कुटुंबांना आपल्याच पक्षाने आपल्याला गृहीत धरल्याचे वाटू लागले, आणि मजूर पक्षाकडे वळणे ज्यांना पटत नव्हते त्यांना लिबरल पक्षाचा पर्याय सोयीचा ठरला.

मात्र केवळ नाराजीवर एवढा मोठा विजय मिळत नाही. लिबरल कार्यकर्त्यांनी त्याआधी स्थानिक परिषदेच्या निवडणुकांत प्रभागामागून प्रभाग जिंकत घरोघरी संपर्क वाढवला होता, आणि या विजयाचे खरे श्रेय त्या चिकाटीलाच द्यावे लागते. त्यांचे उमेदवार एरिक लबक हे तेहेतीस वर्षांचे अभियंते स्थानिक नगरसेवक होते आणि मतदारसंघातच राहत. डार्विनचे शेजारी व स्नेही सर जॉन लबक यांचे ते नातू. हुजूर पक्षाचे उमेदवार पीटर गोल्डमन हे पक्षाच्या धोरणविषयक कामातील बुद्धिमान गृहस्थ होते, पण ऑर्पिंग्टनसाठी ते बाहेरचेच राहिले.

लबक यांना २२,८४६, गोल्डमन यांना १४,९९१ आणि मजूर पक्षाच्या ॲलन जिंकिन्सन यांना ५,३५० मते मिळाली. हुजूर पक्षाचा मतांतील वाटा सुमारे ५७ टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर घसरला, तर लिबरल पक्षाचा २१ वरून ५३ टक्क्यांवर गेला. मजूर पक्षाची अनामत रक्कम जप्त झाली, कारण त्यांची मते तेव्हाच्या नियमानुसार आवश्यक असलेल्या एक-अष्टमांशाच्या किंचित खाली राहिली. १९५९ मध्ये या पक्षाला येथे ९,५४३ मते होती. हे आकडे शेजारी ठेवले, तर हुजूर उमेदवाराला पाडण्यासाठी मजूर पक्षाच्या अनेक समर्थकांनीही लबक यांना मत दिले असावे, असा निष्कर्ष निघतो. आदल्याच दिवशी ब्लॅकपूल नॉर्थची जागा हुजूर पक्षाने लिबरल उमेदवारापासून हजाराहून कमी मतांनी वाचवली होती, म्हणून ऑर्पिंग्टनचा निकाल हा केवळ स्थानिक अपघात होता असे म्हणण्यास फारशी जागा उरली नाही.

वृत्तपत्रांत ‘ऑर्पिंग्टन मॅन’ हा उपनगरी मतदाराचा नमुना म्हणून गाजू लागला. १२ जुलै रोजी लेस्टर नॉर्थ ईस्टच्या पोटनिवडणुकीत हुजूर पक्ष तिसऱ्या क्रमांकावर फेकला गेला, आणि दुसऱ्या दिवशी मॅकमिलन यांनी लॉइड यांच्यासह मंत्रिमंडळातील सात जणांना एका फटक्यात घरी पाठवले. सावरण्यासाठी उचललेल्या या पावलाने पंतप्रधान घाबरले आहेत, हीच समजूत बळावली. लिबरल पक्षाला १९६४ च्या सार्वत्रिक निवडणुकीत तीस लाखांहून अधिक मते पडली, पण जागा अवघ्या नऊ मिळाल्या. लबक यांनी १९६४ आणि १९६६ मध्ये ऑर्पिंग्टन राखले. १९७० मध्ये हुजूर पक्षाने ते परत घेतले.