सर्व्हरवरचा ‘पास’ आणि त्याची किल्ली

डेटाबेसचा पासवर्ड, बॅकअपचा पासवर्ड, ईमेल सेवेचं टोकन... सर्व्हर सांभाळणाऱ्याकडे हे सगळं साठत जातं आणि पुष्कळदा एखाद्या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये पडून राहतं. ती फाइल फुटली की सगळंच फुटलं. यावर लिनक्सवाल्यांचा आवडता उपाय म्हणजे ‘पास’ हा कमांड लाइनवरचा पासवर्ड मॅनेजर. लिहिणारे जेसन डोनेनफेल्ड. वायरगार्ड व्हीपीएनही त्यांचंच.

गंमत अशी, की ‘पास’ स्वतः कसलंच कुलूप लावत नाही. ती बॅश या लिनक्सच्या कमांड-भाषेतली एक स्क्रिप्ट आहे. एनक्रिप्शनचं, म्हणजे मजकूर कुलूपबंद करण्याचं, काम ती जीपीजी या प्रोग्रॅमवर टाकते आणि बदलांची नोंद गिट या फाइलींचा इतिहास जपणाऱ्या साधनावर. प्रत्येक पासवर्डची वेगळी फाइल असते. आतला मजकूर बंद, पण फाइलचं नाव मात्र उघडं. त्यामुळे तुमची खाती कुठेकुठे आहेत हे फोल्डर पाहणाऱ्याला सहज कळतं.

जीपीजीत किल्ल्यांची जोडी असते. सार्वजनिक किल्लीने बंद करायचं, खासगी किल्लीने उघडायचं. देवळातल्या दानपेटीसारखंच: टाकायला कोणीही टाकावं, उघडायला विश्वस्तच हवा. म्हणजे नवा पासवर्ड साठवायला खासगी किल्ली लागतच नाही. सर्व्हरच्या बाबतीत हीच गोष्ट सर्वांत कामाची आहे.

बसवणं सोपं. डेबियन किंवा उबुंटूवर ‘एपीटी’ या इन्स्टॉलरने ‘पास’ घ्यायचा, जीपीजीची किल्ली बनवायची आणि ‘पास इनिट’ या कमांडला तिची ओळख द्यायची. ‘पास जनरेट’ मुळात २५ अक्षरांचा पासवर्ड देतो. प्रत्येक जागी ९४ चिन्हांपैकी कोणतंही येऊ शकतं, म्हणजे सुमारे १६४ बिटांची अनिश्चितता. एकेक शक्यता तपासून तो कोणी शोधून काढेल, ही काळजी नको.

खरी अडचण पुढे येते. एसएसएचने, म्हणजे दुरून लॉगिन करून, सर्व्हरच्या आत शिरून पासवर्ड मागितला की कधीकधी जीपीजी नुसतीच एरर देते, कारण पासफ्रेज (खासगी किल्लीचा पासवर्ड) कोणत्या टर्मिनलवर विचारायची हे तिला समजत नाही. ‘जीपीजी_टीटीवाय’ या व्हेरिएबलमध्ये चालू टर्मिनलचं नाव घातलं की बहुधा भागतं. पासफ्रेज एकदा दिली की जीपीजी-एजंट हा जीपीजीचा मदतनीस प्रोग्रॅम ती लक्षात ठेवतो: शेवटच्या वापरानंतर १० मिनिटं, आणि काही झालं तरी २ तासांपर्यंतच.

मग पहाटे ३ वाजता क्रॉनने (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या सोयीने) चालणाऱ्या बॅकअपचं काय? तेव्हा पासफ्रेज द्यायला कोण बसलंय! इथे लोक पासफ्रेजच काढून टाकतात, म्हणजे कुलूप आणि किल्ली शेजारी शेजारी. माझ्या मते खासगी किल्ली सर्व्हरवर असूच नये. ती आपल्या लॅपटॉपवर ठेवावी आणि एसएसएचमधून एजंटचं सॉकेट (त्याच्याशी बोलायची जोडणी) तेवढं पुढे द्यावं. क्रॉनच्या कामाला ‘पास’ वापरूच नये; त्याला मोजकेच अधिकार असलेला वेगळा पासवर्ड एका फाइलमध्ये द्यावा आणि ती फाइल त्याच एका युजरला वाचता येईल अशी ठेवावी.

देखभालीत पहिला दगा देते ती किल्लीची मुदत. मुदत संपली तरी जुने पासवर्ड उघडतात, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. नवा साठवायला गेलं की मात्र जीपीजी नकार देते. मुदत लॅपटॉपवर वाढवायची आणि ताजी सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर पुन्हा आयात करायची. ही दुसरी पायरी हमखास राहते.

पासवर्ड अनेकांच्या किल्ल्यांसाठी बंद केलेले असतील आणि त्यातला एखादा सहकारी सोडून गेला, तर त्याची किल्ली वगळून ‘पास इनिट’ पुन्हा चालवलं की फाइली नव्याने एनक्रिप्ट होतात. पण गिटच्या इतिहासात जुन्या प्रती असतातच आणि त्याच्याकडेही त्यांची नक्कल असू शकते. त्याला दिसत होते ते सगळे पासवर्ड बदलावेच लागतात, कितीही कंटाळवाणं असलं तरी.

बॅकअप घेताना नुसतं फोल्डर उचलून चालत नाही. खासगी किल्लीची प्रत त्या फोल्डरपासून वेगळी, ऑफलाइन ठेवावी लागते. ती खरंच चालते का हे पाहायला एखाद्या कोऱ्या मशीनवर किल्ली आयात करावी, रिपॉझिटरी (गिटमधलं पासवर्डांचं फोल्डर) क्लोन करावी, म्हणजे तिची प्रत घ्यावी, आणि एखादी नोंद उघडून बघावी.