पिवळी जर्सी घालणं आणि टूर जिंकणं: स्टीव बाउरच्या निमित्ताने

पिवळी जर्सी मिळाली म्हणजे टूर द फ्रान्स ही टप्प्याटप्प्याने होणारी सायकल शर्यत जिंकली, असा पुष्कळांचा समज असतो. खरं तर जर्सी रोजच्या हिशेबाची. त्या दिवसापर्यंतच्या सगळ्या टप्प्यांच्या वेळेची बेरीज करायची, ज्याची सर्वांत कमी त्याच्या अंगावर ती चढते. मतमोजणीत फेरीगणिक कोणीतरी 'आघाडीवर' असतो, तसंच. टूर जिंकतो तो मात्र शेवटच्या टप्प्यानंतरही एकूण वेळेत पहिला असलेला.

कॅनडाच्या स्टीव बाउरची कारकीर्द पाहिली की हा फरक चटकन कळतो. 1984च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये रोड रेसचं रौप्यपदक मिळवून तो व्यावसायिक झाला. 1988च्या टूरमध्ये त्याने पहिलाच टप्पा जिंकला, पाच दिवस पिवळी जर्सी वापरली आणि शेवटी चौथा आला. त्या वर्षीचा विजेता पेद्रो देल्गादो.

1990ची गोष्ट जास्त मजेशीर. पहिल्याच टप्प्यात चौघे निसटले: बाउर, फ्रान्स मासेन, रोनान पेन्सेक आणि क्लाउदिओ किआपुची. मागच्या घोळक्याने त्यांना फार मनावर घेतलं नाही आणि अंतर दहा मिनिटांच्या वर गेलं. टप्पा जिंकला मासेनने, पण आदल्या दिवशीच्या छोट्या सलामीच्या शर्यतीची वेळ धरली तर चौघांत एकूण वेळ सर्वांत कमी होती बाउरची. म्हणजे त्या दिवशी टप्पा एकाचा, जर्सी दुसऱ्याची! ती त्याने नऊ दिवस टिकवली. मग आल्प्सचे घाट आले आणि जर्सी पेन्सेककडे गेली. पॅरिसला बाउर सत्ताविसावा.

जर्सीचे दिवस जवळपास दुप्पट, क्रमांक मात्र कितीतरी खाली. मला विचाराल तर 1988चा चौथा क्रमांकच भारी. 1990ची टूर जिंकली ग्रेग लेमॉन्डने. त्याने त्या वर्षी एकही टप्पा जिंकला नाही आणि पिवळी जर्सी मिळवली तीही शेवटून दुसऱ्या दिवशीच्या टाइम ट्रायलमध्ये (एकेकट्याने घड्याळाशी लावलेल्या शर्यतीत), किआपुचीला मागे टाकून.

बाउरच्याही आधी, 1986मध्ये, कॅनडाच्याच अ‍ॅलेक्स स्टीडाने सकाळच्या टप्प्यात पिवळी जर्सी मिळवली. ती घालणारा तो उत्तर अमेरिकेतला पहिला. दुपारी सांघिक टाइम ट्रायल होती, म्हणजे अख्ख्या संघाने एकत्र धावायची. त्यात त्याचा 7-इलेव्हन संघ पडला-धडपडला, स्टीडा मागे राहिला आणि संध्याकाळच्या आत जर्सी गेलीसुद्धा.

तीन आठवड्यांची मोठी शर्यत खरोखर जिंकणारा पहिला कॅनेडियन म्हणजे रायडर हेसजेडल. शर्यत इटलीतली, 2012ची जिरो, आणि जर्सी गुलाबी. शेवटच्या दिवशी सकाळी तो वाकीन रॉड्रिगेझच्या 31 सेकंद मागे होता. मिलानमधल्या टाइम ट्रायलनंतर 16 सेकंदांनी पुढे.