घारापुरीची लाँच: एका दिवसाच्या सहलीमागचा इतिहास

गेटवेहून सुटलेली लाँच तासाभरात घारापुरीच्या शेतबंदर धक्क्याला लागते. अंतर साधारण १० किलोमीटर. वाटेत जवाहर द्वीप दिसते. तेथे तेलाच्या टाक्या आहेत आणि पर्यटकांना उतरू देत नाहीत. बहुतेक जण लेणी पाहून, माकडांपासून खाऊ वाचवत, संध्याकाळच्या बोटीने परततात. बेट प्रशासनाच्या दृष्टीने मुंबईत नाही, रायगड जिल्ह्यातल्या उरण तालुक्यात आहे.

आज ही सहल मुंबईकडून बेटाकडे जाते. पण मुंबई शहर उभे राहण्याच्या कितीतरी आधी घारापुरी स्वतःच बंदर होते. पूर्वेकडच्या टेकडीवर विटांच्या बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत, आणि बेटावर रोमन मद्यकुंभांची खापरे सापडली आहेत. लेण्यांकडे धावणारी गर्दी या टेकडीकडे फारशी फिरकत नाही. मला वाटते, बेटाची खरी गोष्ट तिथेच सुरू होते, कारण जहाजे येत होती म्हणून पैसा होता, आणि पैशाशिवाय असा डोंगर कोरला जात नाही. इ.स. ६३४च्या ऐहोळे शिलालेखात चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीने पश्चिम समुद्राची लक्ष्मी असलेल्या 'पुरी'वर शेकडो नौकांनिशी चाल केल्याचे वर्णन आहे. ही पुरी म्हणजेच घारापुरी, असे काही अभ्यासक मानतात. काहींचा कौल दुसऱ्या ठिकाणांना आहे.

मुख्य शैव लेणे सर्वसाधारणपणे सहाव्या शतकातले मानले जाते. ते कोणी कोरवले हे ठामपणे सांगणारा लेख आज नाही. कलचुरी राजा कृष्णराजाची नाणी बेटावर मिळाल्याने अनेकांचा रोख त्या घराण्याकडे आहे. लेण्यात एक कोरीव लेख होता. पोर्तुगीजांनी तो काढून पोर्तुगालला नेला आणि तो तिकडेच हरवला. एक दगड जागेवर राहिला असता, तर दीडशे वर्षांचा वाद वाचला असता.

१५३४च्या तहाने वसई परिसर, आणि त्यासोबत हे बेट, पोर्तुगीजांकडे गेले. राजबंदराजवळ उभा असलेला दगडी हत्ती पाहून त्यांनी बेटाला एलिफंटा म्हटले. त्या हत्तीचे हाल पुढे इंग्रजांच्या काळात झाले. १८१४ मध्ये त्याचे डोके-मान कोसळली. १८६४ मध्ये धड इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना क्रेनची साखळी तुटली आणि त्याचे तुकडे झाले. ते भायखळ्याच्या राणीच्या बागेत आणले गेले आणि १९१४ मध्ये पुन्हा जोडले गेले. आता बेटाला नाव देणारा हत्ती पाहायचा असेल, तर बोट नव्हे, लोकल पकडावी लागते: तो राणीच्या बागेतल्याच भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे.

इंग्रजांच्या काळात बेट साहेबांच्या करमणुकीचे ठिकाण बनले. १८७५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्ससाठी चक्क लेण्यात मेजवानी झाली; तीन मुखांच्या शिवाच्या महेशमूर्तीसमोर टेबले मांडली गेली, हे आज खरे वाटत नाही. आज ज्या कमानीपासून लाँच सुटते, ते गेटवे १९२४ मध्ये खुले झाले. १९८७ मध्ये लेणी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली.

राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर ही बेटावरची तीन गावे मात्र या सगळ्यात मागे राहिली. मुंबईचे दिवे समोर दिसत असताना तिथे जनरेटरवर संध्याकाळचे काही तास वीज मिळे. समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून कायमची वीज पोहोचली ती २०१८ मध्ये. पर्यटकांना रात्री मुक्कामाची परवानगी नाही, त्यामुळे गावाचा धंदा आजही दिवसाच्या बोटींवरच चालतो.

१८ डिसेंबर २०२४ रोजी नौदलाची वेगवान बोट घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर आदळली आणि १५ जणांचा बळी गेला. त्यानंतर लाइफ जॅकेटची सक्ती कडक झाली.