घोंघावणे (मोटारगाडीचे)

मोटारगाडीला रेस दिल्यावर येणारा, भुंग्याच्या गुणगुणीसारखा एकसुरी आवाज. वेग वाढेल तसा त्याचा सूर चढतो. रेस सोडताच तो बदलतो किंवा थांबतो. चाकाच्या बेअरिंगची घरघर, पट्ट्याची किंकाळी व टर्बोची शिट्टी यांच्याशी त्याची नेहमी गल्लत होते. विदर्भाच्या खेड्यापाड्यांत बोलेरो, पिकअप, जुनी काळी-पिवळी अशी मागच्या चाकांवर चालणारी वाहने पुष्कळ असल्याने हा आवाज बहुधा मागच्या एक्सलमधून, म्हणजे क्राऊन-पिनियनमधून (इंजिनाकडून येणारी फिरकी चाकांकडे वळवणारी दातेरी चाकांची जोडी: मोठे ते क्राऊन, लहान ते पिनियन) येतो. ‘क्राऊन वाजतो’ हा गॅरेजमधला शब्दप्रयोग त्यावरूनच आला असावा.

सरळ दाते असलेल्या गेअरमध्ये दात्याची पूर्ण रुंदी एकदम दुसऱ्या दात्यावर आदळते, आणि रिव्हर्सचा गेअर बहुधा असाच असल्याने रिव्हर्समध्ये बहुतेक गाड्या घोंघावतात. तो दोष नव्हे. तिरप्या दात्यांमुळे हा भार हळूहळू एका दात्यावरून दुसऱ्यावर जातो. तिरप्या दात्यांचा उगम वादग्रस्त आहे. रॉबर्ट हुक यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात पायऱ्यापायऱ्यांनी सरकवलेल्या दात्यांचे चाक सुचवले, यावरून काही इतिहासकार मूळ श्रेय त्यांना देतात. इतरांच्या मते, पायऱ्या काढून अखंड तिरपा दाता करणारे जेम्स व्हाइट (अठराव्या शतकाची अखेर) हेच खरे जनक. कल्पना हुक यांची व आजचे रूप व्हाइट यांचे, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. दात्याच्या बाजूचा वक्र (गुंडाळलेला दोरा ताणून उलगडताना त्याच्या टोकाने काढलेली रेषा) गेअरसाठी पक्का केला तो ऑयलर यांनी, अठराव्या शतकाच्या मध्यास. ला हिर यांचे नाव त्याआधी घेतले जाते. मागच्या एक्सलमधील हायपॉइड जोडी, जिच्यात पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेखाली बसतो, मोटारींत १९२६-२७ च्या सुमारास पॅकार्ड कंपनीने आणली. तिचे दाते एकमेकांवर लांबीच्या दिशेनेही घसरतात. त्यामुळे चाल शांत होते, मात्र साधे तेल तिथे टिकत नाही.

आवाज नेमका कशाने होतो? दाते झिजल्याने, हे जुने व आजही प्रचलित मत. दुसरे मत एस. एल. हॅरिस यांच्या १९५८ च्या कामापासून रूढ झाले: एक गेअर दुसऱ्याला अगदी समान गतीने फिरवू शकत नाही, दर दात्याला होणारी ही सूक्ष्म चूक हाच आवाजाचा स्रोत. हे मत अधिक ग्राह्य आहे, कारण नवी पण चुकीची बसवलेली जोडी वाजते आणि जुनी, नीट बसलेली जोडी गप्प राहते, हा अनुभव त्यानेच उलगडतो. क्राऊनला ४१ दाते व टायरचा घेर २.२ मी. धरल्यास ताशी ५० किमी.ला दर सेकंदाला सुमारे २६० दाते जुळतात. ऐकू येणारा मूळ सूर तोच.

म्हणून पहिली परीक्षा सुट्या भागांची नव्हे, सुराची. गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये रेस द्यावी. आवाज आला तर तो इंजिनाकडचा: अल्टरनेटरचे बेअरिंग, पट्टा, किंवा स्टेअरिंग वळवताच वाढत असेल तर पॉवर स्टेअरिंगचा पंप. शिट्टीसोबत ओढ कमी व धूर काळा असेल तर टर्बोचा पाइप तपासावा. उभ्या गाडीत काहीच नाही, पण चालताना येतो, तर तो चाकांच्या वेगाशी बांधलेला. डावी-उजवीकडे वळताना कमी-जास्त होणारा आवाज हबच्या बेअरिंगचा असतो. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा (उंची सुमारे १,१०० मी.) घाट क्राऊनच्या परीक्षेला उत्तम: चढताना दात्याची एक बाजू भार घेते, गेअरमध्ये उतरताना दुसरी. केवळ चढावर वाजला तर दात्यांची जुळणी, दोन्हीकडे वाजला तर पिनियनची बेअरिंगे. लांब पेचकस हौसिंगला (एक्सलच्या बाहेरच्या कवचाला) टेकवून मूठ कानाशी धरण्याची मिस्त्र्यांची रीत भरवशाची आहे. मात्र गाडी जॅकवर नव्हे, पक्क्या स्टँडवर हवी.

पावसाळ्यात नाल्याच्या पाण्यातून गाडी काढली की तापलेले हौसिंग अचानक थंड होते आणि आतील हवा आकसून श्वासनळीतून (हवा आत-बाहेर जाण्यासाठी हौसिंगला असलेल्या छोट्या नळीतून) पाणी ओढते. तेल दुधट होते, बेअरिंगांना गंज लागतो आणि कापसाच्या हंगामात भार पडला की आवाज सुरू होतो. श्रावण सरल्यावर ड्रेन बोल्ट सैल करून तेल पाहणे हा अर्ध्या तासाचा उपाय पुढची मोठी दुरुस्ती टाळतो. हायपॉइडला जीएल-५ दर्जाचे तेल लागते. ते गेअरबॉक्समध्ये मात्र पुस्तिकेत सांगितल्याशिवाय भरू नये, कारण काही जीएल-५ तेले सिंक्रोच्या (गेअर बदलताना वेग जुळवणाऱ्या भागाच्या) पितळी कड्या खातात.

पिनियनचे ऑइल सील बदलल्यानंतर आवाज सुरू झाला, तर पिनियनचा नट जास्त कसला गेल्याची शक्यता मोठी. खोलण्यापूर्वी नटावर व शाफ्टवर खूण करून पुन्हा त्याच जागी आणावा. जोडी बदलायचीच झाल्यास क्राऊन आणि पिनियन दोन्ही बदलावेत. कारखान्यात ते एकमेकांवर घासून जुळवलेले असतात, म्हणून दोघांवर एकच क्रमांक कोरलेला असतो. भंगारातला एकटा पिनियन आणून बसवणे ही खेदाची पण सर्रास चूक आहे. बसवताना दात्यांना निळा रंग लावून ठसा पाहतात: तो मुळाशी आला तर पिनियन फार आत, टोकाशी आला तर फार बाहेर. दात्यांतील मोकळीक मिलिमीटरच्या दहाव्या-विसाव्या भागांत मोजली जाते, तेव्हा ती डायल गेजनेच पाहावी.

जुनी गाडी विकताना हौसिंगमध्ये लाकडाचा भुसा टाकून हा आवाज दाबण्याची क्लृप्ती सर्वत्र माहीत आहे. घेणाऱ्याने तेल बोटांत चोळून पाहावे. भुसा हाताला लगेच लागतो.