भूचर भुंगेरे (ठाणे परिसर)

ढालपंखी गणातील कॅराबिडी कुलाचे कीटक. जगभरात या कुलाच्या सुमारे ४०,००० जाती ज्ञात आहेत. बहुतेक जाती निशाचर व मांसाहारी असून अळ्या, गोगलगायी व लहान कीटक खातात. ठाण्याचे येऊर, पारसिकची टेकडी, खारघरचे डोंगर अशा ठिकाणी दगडाखाली, पालापाचोळ्यात आणि गवताच्या बुडाशी ते शोधावेत.

ओळख : नुसत्या रंगावरून ओळख पटवू नये, काळे चकचकीत भुंगेरे अनेक कुलांत असतात. शृंगिका (डोक्यावरच्या मिशा) धाग्यासारख्या, अकरा खंडांच्या असतात. शेणकिड्याच्या शृंगिकेचे टोक मात्र पंख्यासारखे उलगडते. पुढच्या कठीण पंखांवर बहुधा उभ्या समांतर रेघा असतात. सर्वांत जास्त फसवणूक टेनेब्रिओनिडी कुलातील भुंगेऱ्यांमुळे होते. अशा वेळी भिंगातून पावलांचे (पायांच्या टोकाच्या भागाचे) खंड मोजावेत : कॅराबिडींच्या सहाही पावलांना पाच-पाच खंड, तर टेनेब्रिओनिडींच्या मागच्या पावलांना चारच. शंका उरलीच तर कीटक उताणा करून पाहावा. कॅराबिडींत मागच्या पायाचा बुडखा पोटाच्या पहिल्या खंडाला मधोमध दुभागतो. इथवर कुल ठरते. जात ठरवणे वेगळे काम आहे. काही मिलिमीटर लांबीच्या जातींत त्यासाठी अनेकदा नराची जननेंद्रिये तपासावी लागतात, वरून काढलेला फोटो पुरत नाही.

बाँबार्डियर गटातील भुंगेरा बोटांत धरू नये. तो पोटाच्या टोकातून जवळपास १०० अंश सेल्सिअस तापमानाचा दाहक फवारा मारतो.

अधिवास : येथील डोंगर बेसाल्टचे. पावसाळ्यात कातळावरच्या पातळ मातीत गवत माजते, दिवाळीनंतर ते वाळते आणि ओलावा दगडांखाली उरतो. म्हणून उलटलेला दगड पुन्हा होता तसाच ठेवणे अत्यंत आवश्यक आहे. काही वर्गीकरणांत याच कुलात गणल्या जाणाऱ्या टायगर बीटलना तर उघडी जमीनच लागते. त्यांची अळी उभ्या बिळात राहते, डोक्याने बिळाचे तोंड बंद करते आणि जवळून जाणारा किडा झडप घालून पकडते. पाठीवरच्या आकड्यांमुळे ती बाहेर ओढली जात नाही. अशा मोकळ्या मुरमाड जागेला पडीक समजून तिथे सरसकट झाडे लावणे चुकीचे आहे; सावली आणि दाट वाढ आली की ही बिळे राहत नाहीत. वणव्यात तर पालापाचोळ्याचा आसराच जळून जातो.

येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येत असल्याने तेथून नमुने गोळा करण्यासाठी वन विभागाची परवानगी लागते.