कुणी हात न लावता मोडेम फोन का लावतो?

१९९० च्या दशकाच्या अखेरीस छोट्या ऑफिसांत एक मांडणी नेहमी दिसे: पाच-दहा कॉम्प्युटर, एक लिनक्स सर्व्हर आणि सगळ्यांत मिळून एकच मोडेम, म्हणजे फोनच्या तारेवरून इंटरनेट जोडून देणारं यंत्र. कुणी साइट उघडली की सर्व्हर आपणहून फोन लावणार, काही वेळ शुकशुकाट राहिला की ठेवून देणार. कॉल जितका वेळ चालेल तितकं फोनबिल चढायचं, म्हणून ही काटकसर. त्याच सर्व्हरवर स्वतःचा डीएनएस बसवला, म्हणजे साइटच्या नावाचा आयपी पत्ता शोधायचं काम घरातच आणलं, की मात्र दोन दुखणी सुरू व्हायची.

एक, पहिल्या खेपेला साइट उघडायचीच नाही. लिनक्समध्ये नाव विचारणारा प्रोग्राम उत्तरासाठी साधारण ५ सेकंद थांबतो, मग पुन्हा विचारतो आणि शेवटी नाद सोडतो. मोडेमची किरकिर आणि पासवर्ड यांतच २०-३० सेकंद जातात. शिवाय प्रत्येक कॉलला नवा आयपी पत्ता मिळतो, पण ज्या पॅकेटमुळे (माहितीच्या पुडक्यामुळे) फोन लागला त्यावर परतीचा पत्ता जुनाच असतो. त्याचं उत्तर येणार कुठून? पुन्हा रिफ्रेश केलं की चालतं, म्हणून लोक याकडे काणाडोळा करत.

दुसरं दुखणं खर्चिक: रात्री ऑफिसला कुलूप आणि फोन चालू. इथे अंदाज बांधत बसू नये. नेटवर्कवरची ये-जा दाखवणारा टीसीपीडम्प हा प्रोग्राम लावून पोर्ट ५३ वर, म्हणजे डीएनएसच्या प्रश्नांच्या दारावर, काय जातंय ते पाहावं. बहुतेकदा दिसतं असं, की कुठला तरी प्रोग्राम लॉगमध्ये लिहिण्यासाठी १९२.१६८.१.५ या घरच्याच मशीनचं नाव विचारतोय. डीएनएसकडे त्याची नोंद नाही, म्हणून तो थेट रूट सर्व्हरचं, म्हणजे इंटरनेटवरच्या डीएनएसच्या सर्वांत वरच्या सर्व्हरचं, दार ठोठावायला निघतो. त्या पत्त्यांचा उलटा झोन, म्हणजे पत्त्यावरून नाव सांगणारी नोंदींची यादी, सर्व्हरवरच लिहून ठेवला की हे थांबतं. बाइंड या डीएनएस सॉफ्टवेअरमध्ये ‘फॉरवर्ड ओन्ली’ (प्रश्न फक्त पुढे पाठव) हेही लिहावं, नाहीतर इंटरनेट कंपनीच्या डीएनएसने उत्तर दिलं नाही की तो स्वतःच शोधाला लागतो. बाइंडमधलाच ‘डायलअप’ हा पर्याय झोनची किरकोळ कामं एकत्र करतो, पण मुळात दर ६० मिनिटांनी. तो आकडा शून्य केला की तीही बंद.

अशा भरकटलेल्या प्रश्नांचा रूट सर्व्हरना इतका जाच झाला, की ते गिळण्यासाठी एएस११२ नावाची वेगळी सर्व्हर-यंत्रणा उभारावी लागली. २०११ मध्ये तर असे झोन डीएनएस सर्व्हरमध्ये आधीच भरलेले असावेत अशी अधिकृत शिफारस निघाली, तेव्हा डायलअपचे, म्हणजे फोन लावून इंटरनेट जोडण्याचे, दिवस जवळपास सरले होते.